'सलिसिट्यूड' : चिंता, काळजी की आस्था? लॅटिन मूळ आणि मराठी प्रतिशब्द

अर्धविराम (धागाकर्ता)

एका इंग्रजी चरित्राचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'सॉलिसिट्यूड' हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा रंग वेगळा आहे.

१. एक परिचारिका रात्रपाळीत रुग्णांकडे ज्या 'सॉलिसिट्यूड'ने बघते, तिचं लेखकाने कौतुक केलं आहे.
२. नायकाच्या आईची 'सॉलिसिट्यूड' इतकी की पोरगा गुदमरून जातो.
३. शेवटच्या प्रकरणात शब्द अनेकवचनी आहे : उतारवयात घेरणाऱ्या 'सॉलिसिट्यूड्स'.

शब्दकोशात चिंता, काळजी, आस्था, व्यग्रता असे चार प्रतिशब्द एका ओळीत दिले आहेत, कोणता कुठे वापरायचा ते दिलेलं नाही. मूळ कळलं तर निवड करणं सोपं जाईल. एकटेपणा या अर्थाच्या 'सॉलिट्यूड'शी याचं नातं आहे का? 'सॉलिसिटर'शी? आणि 'केअर' हा शब्द काळजी या अर्थाच्या लॅटिन 'कूरा'वरून आला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते खरं असेल तर इंग्रजीने एकाच अर्थाचे दोन लॅटिन शब्द कशाला घेतले?

---

मूळधातू

आधी उच्चार. आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणून 'सॉलि' असा उघडा स्वर येत नाही : स-लि-सि-ट्यूड, अमेरिकेत शेवट 'टूड'. 'सॉलिट्यूड'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून तिथे 'सॉ' बरोबर. बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण दोन्ही शब्द 'सॉ'ने म्हटले की सख्खे भाऊ वाटतात. त्यांचा संबंध नाही. 'सॉलिट्यूड'च्या मुळाशी 'सोलुस' म्हणजे एकटा, त्यात 'ल' एकच. आपल्या शब्दाच्या मुळाशी 'सोल्लुस' आहे, जोड 'ल्ल'चा, आणि त्याचा अर्थ सबंध, अख्खा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच 'एल' उरला, कारण शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. इंग्रजी लिहिताना दोन 'एल' घालणं ही हमखास होणारी चूक आहे.

आता फोड. लॅटिन नाम 'सोल्लिकितूदो', ते 'सोल्लिकितुस' या विशेषणावरून. विशेषणाचे दोन तुकडे : 'सोल्लुस' (सबंध) आणि 'कितुस' (हलवलेला). 'कितुस' हे 'किएरे' या क्रियापदाचं कर्मणी भूतकालवाचक रूप, 'किएरे' म्हणजे हलवणं, चाळवणं, गती देणं. म्हणजे 'सोल्लिकितुस' माणूस हा मुळापासून शेंड्यापर्यंत हलवून सोडलेला माणूस. मराठीत 'जीव खालीवर होणे' म्हणतो ना, त्याच्या फार जवळचं चित्र आहे.

'सोल्लुस' रोमन लोकांच्या रोजच्या बोलण्यात उरला नव्हता. फेस्तुस या रोमन कोशकाराने नोंद केली आहे की आपण ज्याला 'तोतुस' म्हणतो त्याला ऑस्कन भाषेत 'सोल्लो' म्हणतात. ऑस्कन ही दक्षिण इटलीतली लॅटिनची बहीण. संस्कृत 'सर्व' आणि ग्रीक 'होलोस' (होलोग्राममधला 'होलो') हे याच कुळातले मानले जातात. दुसऱ्या तुकड्याचे नातेवाईकही ओळखीचे आहेत. 'किएरे'चं पौनःपुन्यवाचक रूप 'कितारे', त्यावरून एक्साइट, इन्साइट, रिसाइट आणि बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणण्याचा 'रिससिटेट'. ग्रीकमध्ये तोच धातू 'किनेइन' होतो, आणि तिथून 'सिनेमा'.

याच विशेषणाशी जोडलेलं 'सोल्लिकितारे' हे क्रियापद तर अगदी शारीरिक अर्थानेही येतं. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात, म्हणजे 'जॉर्जिक्स'च्या दुसऱ्या भागात, द्राक्षबागेचं वर्णन आहे. वेली बांधून झाल्या, छाटणीचा कोयता ठेवून दिला, शेवटच्या ओळीपाशी पोचलेला माळी गाणं म्हणतोय. तरी काम संपलेलं नाही : जमीन पुन्हा 'सोल्लिकितांदा', माती हलवायची राहिलीच आहे. म्हणजे आपली खांदणी, माती चाळवणं. त्याच भागात पुढे वल्ह्यांनी अनोळखी समुद्र ढवळणाऱ्या लोकांसाठी हेच क्रियापद येतं. माती आणि पाणी ढवळणं, तसंच मन ढवळणं.

मन ढवळण्याचा अर्थ रोमन वक्ता सिसेरोने ४५ सालच्या (इसवी सनपूर्व) 'तुस्कुलान' संवादांत बांधून दिला आहे. दुःखाच्या प्रकारांची यादी करताना तो 'सोल्लिकितूदो'ची व्याख्या तीन शब्दांत करतो : 'एग्रितूदो कुम कोगितातिओने', विचारासकट असलेली व्यथा. नुसतं दुःख वेगळं, आणि डोक्यात चक्र चालू ठेवणारं दुःख वेगळं. ही व्याख्या अनुवादकाने जवळ ठेवावी, कारण मराठी 'चिंता'ही 'चिन्त्' म्हणजे विचार करणे या धातूवरूनच आली आहे. अरबीतून आलेल्या 'फिकीर'चा मूळ अर्थही विचारच. तीन भाषांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरली.

(जाता जाता : 'चिंता' आणि 'चिता' यांत फक्त अनुस्वाराचा फरक, हे सुभाषित म्हणून छान आहे. पण 'चिता' रचणे या अर्थाच्या 'चि' धातूवरून आली. व्युत्पत्ती म्हणून ते सांगू नये.)

---

तळटीप

'केअर' आणि 'कूरा'बद्दल. हे दोन शब्द एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, जरी कित्येक प्रेरणादायी लेखांत ते मायलेकी म्हणून छापले जातात.

'केअर' अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला आहे. जुन्या इंग्रजीत 'कारू' किंवा 'केआरू', अर्थ शोक. जुन्या जर्मनमध्ये 'खारा' म्हणजे विलाप. जर्मन माणूस आजही गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतो, तो 'कार' हाच. शोकाकडून चिंतेकडे, चिंतेकडून निगेकडे असा त्याचा प्रवास.

घरच्या घरी तपासायचं असेल तर ग्रिमचा नियम लावून बघा. लॅटिन आणि जर्मानिक शब्द खरोखर एका मुळाचे असतील, तर लॅटिनच्या आरंभीच्या 'क'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो. केंतुम–हंड्रेड, कोर्नू–हॉर्न, कानिस–हाउंड, कापुत–हेड. त्यामुळे 'कूरा'चा भाऊ इंग्रजीत असता तर त्याची सुरुवात 'ह'ने झाली असती. उसना घेतलेला शब्द म्हणाल, तर 'केअर' इंग्रजीत आणि तिच्या बहिणींत फार जुना आहे, शिवाय स्वर जुळत नाहीत. 'कूरा'चं जुनं रूप 'कोइरा', शिलालेखांत 'कोइरावित' (त्याने करवून घेतलं) असं कोरलेलं सापडतं. 'ओइ'चा 'ऊ' झाला. तिथे 'आ' कधी नव्हताच.

'कूरा'ची खरी इंग्रजी मुलं वेगळी आहेत : क्युअर, क्युरेटर, अ‍ॅक्युरेट (ज्यावर मेहनत घेतली आहे ते), क्युरिअस, आणि 'सिक्युअर'. यातला 'से' म्हणजे विना, 'से-कूरा' म्हणजे निश्चिंत. 'शुअर' हे त्याचंच फ्रेंचमधून झिजून आलेलं रूप. 'साइनक्युअर' म्हणजे बिनकामाचं मानाचं पद, मुळात 'सिने कूरा' : ज्या धर्मगुरूला वेतन आहे पण सांभाळायला माणसं नाहीत, त्याचं पद.

'कन्सर्न'चंही सांगून टाकतो, कारण 'सलिसिट्यूड'ला समानार्थी म्हणून तोच दिला जातो. 'केर्नेरे' म्हणजे चाळणं, वेगळं काढणं. 'कोन्केर्नेरे' म्हणजे एका चाळणीत एकत्र येणं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'संबंध असणे' असा झाला, आणि ज्याच्याशी संबंध आहे त्याचा घोर लागतोच, म्हणून पुढे 'काळजी'. मूळ संबंधाचा अर्थ अजून जिवंत आहे : सरकारी पत्रातला 'कन्सर्न्ड' अधिकारी म्हणजे संबंधित अधिकारी, काळजीत पडलेला नव्हे. इथे चूक झालेले अनुवाद छापून आलेले आहेत.

तेव्हा एका अर्थाला दोन लॅटिन शब्द कशाला, या शंकेचा पायाच राहत नाही. घरचा शब्द 'केअर' होता. 'सलिसिट्यूड' पंधराव्या शतकात फ्रेंचमधून आला तो चर्चच्या आणि कारभाराच्या भाषेत. म्हणून तो आजही थोडा पोशाखी वाटतो. स्वयंपाकघरातल्या संवादात कोणी तो वापरत नाही.

---

मांडवीकाठ

चर्चचा उल्लेख आला म्हणून भर घालतो.

लॅटिन बायबलमध्येही हा शब्द आणि त्याचं विशेषण भेटतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात 'काय खाल याची चिंता करू नका' तिथे लॅटिनमध्ये 'ने सोल्लिकिती सितिस' आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी 'टेक नो थॉट' आहे. पुन्हा तोच 'विचार', सिसेरोच्या व्याख्येतला. लूकच्या दहाव्या अध्यायात पाहुणचाराच्या धांदलीत असलेल्या मार्थेला येशू 'सोल्लिकिता एस' म्हणतो, त्या जागी १६११ चं इंग्रजी आहे 'दाउ आर्ट केअरफुल'. आजच्या वाचकाला हे 'तू सावध आहेस' असं वाटेल. अर्थ आहे 'तू काळजीने भरलेली आहेस'. जुना मजकूर अनुवादताना 'केअरफुल' दिसला की थांबावं.

पण बायबलमध्येच शब्दाची दुसरी बाजूही आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल स्वतःवर आलेली संकटं मोजतो आणि शेवटी म्हणतो की याशिवाय रोजचा भार म्हणजे 'सोल्लिकितूदो ओम्निउम एक्लेसिआरुम', सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ख्रिस्ती समुदायांची, काळजी. ही चिंता टाकून द्यायची नाही, खांद्यावर घ्यायची आहे. मार्थेला जी सोडायला सांगितली तीच पौलाचं भूषण ठरते. शब्द एकच, कोणासाठी आणि कशासाठी यावर त्याची किंमत बदलते.

हेच तीन शब्द पोप सातवे पायस यांच्या ७ ऑगस्ट १८१४ च्या आज्ञापत्राचं नाव आहेत (अशी पत्रं सुरुवातीच्या शब्दांनी ओळखली जातात). त्याने १७७३ साली बरखास्त झालेला जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ पुन्हा उभा केला. पोर्तुगीज मुलखातून, म्हणजे गोव्यातूनही, जेझुइटांची हकालपट्टी त्याआधीच १७५९ च्या हुकमाने झाली होती. अलीकडचं उदाहरण दुसरे जॉन पॉल यांचं ३० डिसेंबर १९८७ चं परिपत्रक, 'सोल्लिकितूदो रेई सोशिआलिस'. त्याच्या अधिकृत इंग्रजीत 'सोल्लिकितूदो'ला 'कन्सर्न' घातला आहे.

उच्चाराची एक खूण : अभिजात लॅटिनमध्ये 'कि', चर्चच्या लॅटिनमध्ये 'चि'. गोव्यातल्या एखाद्या पाद्रीकडून 'सोल्लिचितूदो' ऐकलंत तर तो चुकत नाही.

---

वकिली_बाणा

'सॉलिसिटर' याच घरातला, फक्त दुसऱ्या खोलीतला.

'सोल्लिकितारे'चे लॅटिनमध्येच दोन फाटे झाले होते. एक 'अस्वस्थ करणे', दुसरा 'चिथावणे, फूस लावणे, मागे लागणे'. इसवी सनपूर्व ६३ मधल्या कातिलिनाच्या कटात, म्हणजे रोमची सत्ता बळकावण्याच्या कटात, गॉलमधल्या अल्लोब्रोगेस जमातीच्या शिष्टमंडळाला फितवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा सिसेरो हेच क्रियापद वापरतो. इंग्रजी 'सॉलिसिट' या दुसऱ्या फाट्यावर स्थिरावला. दुसऱ्याच्या वतीने कामाचा पिच्छा पुरवणारा तो सॉलिसिटर. इंग्लंडात चॅन्सरी कोर्टात काम चालवणारे सॉलिसिटर, कॉमन लॉ कोर्टांत अ‍ॅटर्नी, आणि चर्चच्या कोर्टांत प्रॉक्टर अशी वाटणी होती. १८७३ च्या कायद्याने (अंमल १८७५ पासून) सगळ्यांना 'सॉलिसिटर' हे एकच नाव मिळालं. मुंबईत हायकोर्टामुळे हा शब्द मराठी घरांतही रुळला.

अनुवादात घसरण्याच्या जागा सांगतो. 'सलिसिटस' हे विशेषण 'सलिसिट्यूड'चं, म्हणजे आस्थेवाईक. 'सॉलिसिटेशन' हे नाम मात्र 'सॉलिसिट'चं, म्हणजे मागणी, गळ घालणं, काही कायद्यांत वेश्याव्यवसायासाठी गिऱ्हाईक बोलावणं. त्याला 'काळजी' लावली तर अनर्थ. 'अनसॉलिसिटेड' सल्ला म्हणजे न मागता दिलेला सल्ला. भारतीय बार कौन्सिलच्या नियमावलीतला ३६ वा नियम वकिलाला काम 'सॉलिसिट' करायला मनाई करतो, म्हणजे पक्षकार मिळवण्यासाठी जाहिरात किंवा याचना करायला. अशिलाची काळजी करायला नव्हे.

---

अर्धविराम

खूपच मिळालं, मनापासून आभार. एक उपप्रश्न : 'इन्सूसिअन्स' हा शब्दही त्याच पुस्तकात आहे. त्यातला 'सूसि' म्हणजे हाच का?

---

मूळधातू

हो. 'सोल्लिकितारे' फ्रेंच तोंडात झिजत 'सूसिए' झाला, नाम 'सूसी', म्हणजे चिंता. 'इन' लावून चिंतेचा अभाव. इंग्रजीने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच पोशाखातच घेतला.

यात एक सापळा आहे. फ्रेंचमध्ये कॅलेंड्युलाच्या फुलालाही 'सूसी' म्हणतात. काहीजण त्यावरून 'चिंतेचं फूल' अशी कविता रचतात. तो शब्द उत्तर लॅटिन 'सोल्सेक्विआ'वरून आला आहे, सूर्यामागे जाणारं फूल. चिंतेशी त्याचा संबंध फक्त उच्चार सारखा होण्यापुरता.

'इन्सूसिअन्स'ला मराठीत 'बेफिकिरी' चपखल बसतो, रचनाही तीच : बे आणि फिकीर. 'निश्चिंती' चालणार नाही, कारण निश्चिंत माणसाने काळजी मिटवलेली असते. बेफिकीर माणसाने ती मुळात घेतलेलीच नसते. 'बेपर्वाई'त दोषारोप जास्त आहे. लेखकाला पात्राचा राग असेल तरच तो घ्या.

---

दुहेरी_वेलांटी

आता मुख्य प्रश्नाकडे, मराठीत काय करायचं.

माझं म्हणणं असं की इथे नाम शोधत बसू नका, क्रियापद शोधा. 'सलिसिट्यूड'मध्ये घालमेल आणि जपणूक एकाच शब्दात आहेत. मराठी हा फरक नामात करत नाही, क्रियापदात करते. 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे' ही दोन वाक्यं आपण फोन ठेवताना एकापाठोपाठ बोलतो. नाम एकच, एकदा टाकायला सांगतो आणि एकदा धरायला. 'करणे' आलं की घालमेल, 'घेणे' आलं की निगा, 'वाटणे' आलं की नुसती भावना. आणि चौथं क्रियापद, जे अनुवादक विसरतात : 'वाहणे'. काळजी वाहणे यात मनावरचा भार आणि दुसऱ्यासाठीची तजवीज दोन्ही आहेत. पौलाच्या त्या वाक्याला हेच बसतं. वर्तमानपत्रांनी 'काळजीवाहू' हा शब्द सरकारपुरता बांधून टाकला, तरी क्रियापद मोकळं आहे.

'चिंता' एरवी आतल्या बाजूला वळलेली असते. पण षष्ठी लावून ती बाहेर वळवता येते. लहानग्या नारायणाच्या, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांच्या, परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतलं 'आई, चिंता करितो विश्वाची' हे वाक्य मनात म्हणून बघा. तिथे चिंता म्हणजे भेदरलेपण नाही.

विशेषणासाठी 'आस्थेवाईक' याच्याइतका नेमका शब्द नाही. 'आस्थेवाईकपणे विचारपूस केली' यात इंग्रजी 'सलिसिटस' पुरेपूर येतो. मात्र नुसता 'आस्था' वापरताना जपून. हिंदीच्या प्रभावाने बातम्यांत तो 'श्रद्धा' या अर्थाने येऊ लागला आहे, आणि 'रुग्णांवरची आस्था' असं लिहिलंत तर वाचक अडखळेल. 'रुग्णांविषयी आस्था' लिहा, शब्दयोगी बदललं की अर्थ सरळ होतो.

अतिरेक दाखवायचा असेल तर नाम पुरणारच नाही, वाक्प्रचार लागेल. 'तळहाताच्या फोडासारखं जपणं' तयार आहे, आणि त्यात जपणाऱ्याचं दुखणंही आहे. अनेकवचनी 'सलिसिट्यूड्स'चा अर्थ भावना असा नसून काळजीची कारणं असा आहे, म्हणून 'विवंचना' किंवा सरळ 'काळज्या'.

इंग्रजी वाक्यातलं शब्दयोगीही बघा. 'फॉर' असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भल्याकडे रोख, 'अबाउट' असेल तर घालमेलीकडे झुकतं. 'सलिसिटस'नंतर 'टू' आणि क्रियापद आलं तर अर्थ तिसराच : उत्सुक, तत्पर. 'सलिसिटस टू प्लीज' म्हणजे खूश करायला धडपडणारा.

---

अर्धविराम

मग असं केलं :

१. 'रात्रपाळीत प्रत्येक खाटेपाशी थांबून ती ज्या आस्थेने बघायची, …'
२. 'आई त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायची, आणि त्या जपण्यात त्याचा श्वास कोंडायचा.'
३. 'उतारवयातल्या चिंता एकेक करून दारात उभ्या राहिल्या.'

---

दुहेरी_वेलांटी

पहिली दोन ठेवा. पहिल्यात 'बघायची' ऐवजी 'विचारपूस करायची' करावंसं वाटेल, पण करू नका. मूळ लेखकाने बघणंच लिहिलं आहे आणि रात्री दोन वाजता झोपलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. तिसऱ्यात 'चिंता' हे अनेकवचनातही 'चिंता'च राहतं, त्यामुळे वचन नामात दिसत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून काढावं लागतं. 'विवंचना'लाही तीच अडचण. 'काळज्या' घ्या, नामातच वचन दिसेल : 'उतारवयातल्या काळज्या एकेक करून दारात उभ्या राहिल्या.'

---

तळटीप

आणि 'दारात उभ्या राहिल्या' हे मूळ इंग्रजीत आहे का, ते एकदा पाहून घ्या. तुम्ही वर 'घेरणाऱ्या' लिहिलं होतं. घेरणं चहूबाजूंनी असतं, दारात उभं राहणं एका बाजूने. मूळ शब्दातलं 'सोल्लुस', सबंध, इथे उपयोगी आहे : 'उतारवयातल्या काळज्यांनी त्याला चहूकडून घेरलं.'